नियम कोणता, अपवाद कोणता? शरदचंद्र श्रीखंडे यांची सुरुवातीची वर्षं आणि त्यांचं गणित

आपल्या मंडळाच्या ई-मासिकात कवी येतात, नाटककार येतात, संतसाहित्य तर हमखास येतं. गणिती मात्र सहसा येत नाही. बारावीनंतर गणिताची वही कायमची मिटवून आपण साहित्याकडे आलो, त्यामुळे त्यात नवल काही नाही. मीही त्यातलीच.

पण आपल्या शहराचं गणिताशी एक नातं आहे. चार वर्षांतून एकदा भरणारी आंतरराष्ट्रीय गणिती परिषद २०१० च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा भारतात आली, ती हैदराबादेत. फील्ड्स पदकं दिली गेली ती तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हातून. मी तेव्हा पहिलीत होते, मला पाढे पाठ नव्हते. मोठी झाल्यावर या परिषदेबद्दल वाचताना प्रश्न पडला, की गणितात एखादं मराठी नाव जगभर कायमचं राहिलंय का? उत्तर मिळालं, आणि त्या उत्तराने मला बरेच दिवस कागद-पेन्सिल घेऊन बसवलं. ते नाव म्हणजे शरदचंद्र शंकर श्रीखंडे. त्यांच्या नावाचा एक आलेख आहे, ‘श्रीखंडे ग्राफ’. जगात कुठेही आलेखांचं बीजगणित शिकवलं जातं, तिथे तो येतोच.

हा लेख त्यांच्या पूर्ण चरित्राचा नाही. नागपूरच्या एका कॉलेजातला गणिताचा तरुण मास्तर १९५९ पर्यंत कसा पोचला आणि त्या एका वर्षात त्याने कोणत्या दोन गोष्टी सिद्ध केल्या, एवढंच यात आहे. त्या दोन गोष्टींची गंमत अशी, की एकीत सगळ्यांनी नियम समजलेली गोष्ट अपवाद निघाली आणि दुसरीत खऱ्या नियमाच्या पोटात एकच अपवाद सापडला.

सागर, नागपूर, कलकत्ता

श्रीखंड्यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१७ चा, सागरचा. सागर आज मध्य प्रदेशात आहे. पेशवाईत गोविंदपंत बुंदेल्यांच्या काळापासून तिथे मराठी वस्ती आहे. म्हणजे आपल्यासारखीच महाराष्ट्राबाहेरची मराठी माणसं. त्या काळी त्या सगळ्या भागाचं, मध्य प्रांताचं, मुख्य ठिकाण नागपूर होतं. हुशार मुलाने पुढे शिकायचं तर नागपूर गाठायचं, हा रिवाज. श्रीखंडेही नागपूरच्या सरकारी सायन्स कॉलेजात शिकले.

तिथून ते कलकत्त्याला गेले, भारतीय सांख्यिकी संस्थेत. ही संस्था प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली सुरू केली होती. तिथे राजचंद्र बोस होते. बोस मुळात शुद्ध भूमितीचे माणूस. महालनोबिस यांनी त्यांना संख्याशास्त्रात ओढून आणलं होतं. योगायोग म्हणजे बोसही जन्माने मध्य प्रांतातले, होशंगाबादचे.

या संस्थेत एक विषय जोरात होता, प्रयोगांची आखणी. समजा चार जातींचं बियाणं आहे आणि कोणतं जास्त पीक देतं ते बघायचंय. शेताच्या एका टोकाला जमीन कसदार, दुसऱ्या टोकाला हलकी. एक बियाणं फक्त कसदार भागात पेरलं तर तुलना खोटी पडेल. म्हणून शेताचे चार ओळी आणि चार रकाने करायचे आणि प्रत्येक बियाणं प्रत्येक ओळीत एकदा, प्रत्येक रकान्यात एकदा येईल असं पेरायचं. या मांडणीला लॅटिन चौरस म्हणतात. सुडोकू सोडवणाऱ्यांना ही अट ओळखीची वाटेल. इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांत अशा चौरसांचा वापर रूढ केला होता. कलकत्त्यात बोस आणि त्यांचे सहकारी त्यामागचं गणित शोधत होते. कोणती मांडणी शक्य आहे, कोणती नाही, आणि नाही तर का नाही?

मांडण्या आणि मोजणी यांच्या या गणिताला कॉम्बिनेटोरिक्स म्हणतात. मांडणीचे प्रश्न समीकरणांच्या, मॅट्रिक्सच्या भाषेत आणून सोडवले, की तेच बीजगणितीय कॉम्बिनेटोरिक्स होतं. श्रीखंडे या विषयात शिरले तेव्हा तो अजून घडत होता.

मास्तरकी आणि पीएचडी

श्रीखंडे नागपूरला परतले आणि कॉलेजात शिकवू लागले. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस ते अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपल हिलला गेले. बोसही त्याच सुमारास तिथे पोचले होते. बोस यांच्या मार्गदर्शनाखाली श्रीखंडे यांनी १९५० साली पीएचडी मिळवली.

त्याच वर्षी त्यांचा एक महत्त्वाचा निबंध छापून आला. विशिष्ट प्रकारची सममित रचना काही आकड्यांसाठी अशक्य आहे, हे त्यात दाखवलं होतं. तोच विचार थोड्याफार फरकाने इतर गणितीही त्याच सुमारास करत होते. आज त्या प्रमेयाला ब्रुक, रायझर आणि चौला यांची नावं लागतात. त्यातल्या सम संख्यांच्या भागाशी श्रीखंडे स्वतंत्रपणे पोचले होते, पण प्रमेयाच्या नावात ते नाहीत. संशोधन करणाऱ्या तरुण माणसाला हे पचवावं लागतं. काम पुरं होतं, आणि कळतं की दुसऱ्या कुणी तरी ते आधी किंवा बरोबरीने केलंय.

पदवी घेऊन ते पुन्हा नागपूरला आले. पुन्हा वर्ग, पुन्हा फळा, पेपर तपासणं. आज ‘करिअर’ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एक जिना येतो, दरवर्षी एक पायरी. श्रीखंडे यांचा जिना तसा दिसत नाही. पीएचडीनंतरची कितीतरी वर्षं त्यांनी कॉलेजच्या मास्तरकीत घालवली. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी ते पुन्हा चॅपल हिलला गेले. ज्या कामासाठी जग त्यांना ओळखतं ते झालं तेव्हा त्यांचं वय ४१ होतं.

ऑयलरचे ३६ अधिकारी

आता पहिली गोष्ट. ती समजायला वहीचं एक पान पुरतं. तीन अक्षरं घ्या, क, ख, ग, आणि तीन आकडे घ्या, १, २, ३. आता हा चौरस बघा.

क१ ख२ ग३
ख३ ग१ क२
ग२ क३ ख१

अक्षरं बघितली तर प्रत्येक ओळीत आणि रकान्यात एकेकदा. आकडे बघितले तरी तसंच. शिवाय क१ पासून ग३ पर्यंतच्या नऊच्या नऊ जोड्या बरोबर एकेकदाच आल्या आहेत. दोन लॅटिन चौरस एकमेकांवर ठेवले आणि कोणतीही जोडी दुसऱ्यांदा आली नाही, तर त्यांना परस्पर लंब म्हणतात. चारसाठी हे पत्त्यांनी करता येतं. एक्का, राजा, राणी, गुलाम हे चार आणि इस्पिक, बदाम, किलवर, चौकट हे चार. १६ पाने अशी लावा, की प्रत्येक आडव्या-उभ्या रांगेत चारही चित्रं आणि चारही रंग येतील.

१७८२ साली लिओनार्ड ऑयलर यांनी विचारलं, सहासाठी हे जमेल का? सहा रेजिमेंट, सहा हुद्दे, प्रत्येक जोडीचा एक अधिकारी, एकूण ३६. त्यांना चौरसात उभं करा. ऑयलरना जमलं नाही. विषम संख्यांसाठी आणि चारने भाग जाणाऱ्या संख्यांसाठी चौरस कसे करायचे ते त्यांना ठाऊक होतं. राहिल्या त्या चारने भागल्यावर दोन उरणाऱ्या संख्या, म्हणजे २, ६, १०, १४, १८, २२ आणि पुढच्या. दोनसाठी अशक्य हे कुणीही मिनिटात बघू शकतं. सहासाठी जमत नव्हतं. ऑयलरनी अंदाज बांधला, की या रांगेतल्या कुठल्याच संख्येसाठी ते जमणार नाही.

१९०० च्या सुमारास गॅस्टन टॅरी या फ्रेंच गृहस्थाने सहाच्या सगळ्या शक्यता प्रकारवारीने हाताने तपासल्या आणि सिद्ध केलं, की सहासाठी खरंच अशक्य आहे. आता दोन उदाहरणं पक्की झाली. शिवाय अंदाज कुणाचा, तर ऑयलरचा. बहुतेकांनी पुढच्या संख्यांनाही तेच लागू असणार असं धरलं. पण सिद्धता कुणाकडे नव्हती.

२२, मग १०, मग सगळेच

१९५९ च्या आसपास अमेरिकेतले अर्नेस्ट टिल्डन पार्कर यांनी २१ च्या चौरसांबद्दलचा एक जुना अंदाज मोडला. पार्कर तेव्हा युनिव्हॅक संगणक बनवणाऱ्या कंपनीत काम करत होते. त्या कामाचा धागा धरून बोस आणि श्रीखंडे यांनी २२ चे लंब चौरस उभे केले. ऑयलरच्या यादीतली एक संख्या पडली. मग पार्कर यांनी १० चा चौरस दिला. शेवटी तिघांनी मिळून दाखवलं, की २ आणि ६ सोडले तर त्या रांगेतल्या प्रत्येक संख्येसाठी लंब चौरस आहेत.

२२ कुठून आला हे मला सगळ्यात जास्त आवडलं, कारण ते हॉस्टेलच्या भाषेत सांगता येतं. एक जुनं कोडं आहे, १८५० सालचं, कर्कमन नावाच्या इंग्लिश पाद्र्याचं. १५ मुली रोज तिघी-तिघींच्या पाच रांगा करून फिरायला जातात. सात दिवस अशा रांगा लावा, की कोणत्याही दोघी बरोबर एकदाच एका रांगेत येतील. हे जमतं. सात दिवसांच्या मिळून ३५ रांगा होतात.

आता प्रत्येक दिवसाची एक बाई नेमा, म्हणजे सात बाई. सोमवारच्या पाचही रांगांना सोमवारच्या बाई जोडा, मंगळवारच्या रांगांना मंगळवारच्या. ३५ रांगा आता चार-चार जणींच्या झाल्या. सात बायांचा आणखी एक गट करा, सात जणींचा. एकूण माणसं १५ आणि ७, म्हणजे २२. आता कोणत्याही दोघी घ्या. दोन मुली असोत, मुलगी आणि बाई असोत, किंवा दोन बाई असोत, त्या बरोबर एकाच गटात एकत्र आहेत.

चारचे आणि सातचे लंब चौरस तर आधीपासून माहीत आहेत. मग २२ च्या मोठ्या चौरसात एखाद्या ओळीचं आणि रकान्याचं नाव घ्यायचं, त्या दोघी ज्या एकमेव गटात आहेत तो शोधायचा आणि त्या गटाच्या छोट्या चौरसात जे लिहिलंय ते इथे उतरवायचं. कर्णावरच्या खान्यात ज्याचं त्याचं नाव. छोटे चौरस त्या अटीत बसतील असे निवडता येतात. अशा छोट्या-छोट्या खऱ्या तुकड्यांतून मोठा चौरस शिवला जातो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा गोधडीच आठवली.

२६ एप्रिल १९५९ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. १७७ वर्षं टिकलेला अंदाज पडला होता. या तिघांना पुढे गंमतीने ‘ऑयलरचा खेळ बिघडवणारे’ असं नाव पडलं.

यात ऑयलरना हसण्यासारखं काही नाही. त्यांनी दोन उदाहरणं बघितली आणि दोन्ही खरीच होती. चूक एवढीच झाली, की त्या रांगेत फक्त तीच दोन तशी होती. सुरुवातीलाच अपवाद भेटले आणि त्यांनाच नियम मानलं गेलं.

सोळा घरांची वस्ती

दुसरी गोष्ट त्याच वर्षातली, पण ती वर्तमानपत्रात आली नाही. गणितातल्या लोकांना मात्र श्रीखंडे यांचं नाव त्यानेच रोज भेटतं.

चार गुणिले चारचा पट घ्या, १६ घरं. बुद्धिबळातला हत्ती एका चालीत जिथे जाऊ शकतो ती घरं ‘ओळखीची’ समजा, म्हणजे त्याच ओळीतली तीन आणि त्याच रकान्यातली तीन. प्रत्येक घराच्या ओळखी सहा. आता कोणतीही दोन घरं घ्या, एकमेकांना ओळखणारी किंवा न ओळखणारी. दोघांच्या सामाईक ओळखी मोजा. प्रत्येक वेळी बरोबर दोन येतात. मोजून बघाच.

आता उलटा प्रश्न. कुणी तरी येऊन सांगितलं, “माझ्याकडे १६ घरांची वस्ती आहे. प्रत्येकाच्या ओळखी सहा. कोणत्याही दोघांच्या सामाईक ओळखी दोन.” तर ती वस्ती हत्तीचीच, असं छातीठोक म्हणता येईल का? हाच प्रश्न चारऐवजी तीन, पाच, दहा अशा कोणत्याही आकाराच्या पटासाठी विचारता येतो. दहाच्या पटावर १०० घरं, प्रत्येकाच्या ओळखी १८, ओळख असलेल्या दोघांत सामाईक ८, ओळख नसलेल्या दोघांत सामाईक २. हे चार आकडे सांगितले तर वस्ती ठरली का?

श्रीखंडे यांनी १९५९ च्या निबंधात सिद्ध केलं, की हो, आकडे जुळले तर वस्ती हत्तीचीच. तीनसाठी, पाचसाठी, दहासाठी, हजारासाठी. फक्त चारसाठी नाही. चारसाठी हत्तीच्या वस्तीशिवाय आणखी एक वस्ती निघते, आणि ती एकच. तोच श्रीखंडे ग्राफ.

तो असा काढायचा. तोच चार गुणिले चारचा पट, पण आता कडा जोडलेल्या. उजवीकडून बाहेर पडलं की डावीकडून आत, वरून बाहेर पडलं की खालून आत, जुन्या मोबाईलमधल्या सापाच्या खेळासारखं. या पटावर एक नवीन मोहरा ठेवा. तो एक घर डावीकडे, उजवीकडे, वर किंवा खाली जातो. शिवाय एकाच तिरप्या दिशेत जातो, वर-उजवीकडे आणि त्याच्या उलट खाली-डावीकडे. एकूण सहा चाली. प्रत्येक घराच्या ओळखी सहा. आणि कोणत्याही दोन घरांच्या सामाईक ओळखी पुन्हा बरोबर दोन!

मी हे ग्राफ पेपरवर काढलं. पहिल्यांदा तिरप्या चालीची दिशा दोन ठिकाणी चुकली आणि सामाईक ओळखी कुठे तीन, कुठे एक येऊ लागल्या. खोडून पुन्हा काढलं. मग सगळीकडे दोन, दोन, दोन.

बीजगणिताला जे दिसत नाही

मग या दोन वस्त्या वेगळ्या आहेत हे ओळखायचं कसं? बीजगणिताला विचारून बघू. १६ ओळी आणि १६ रकान्यांचा तक्ता करा. दोन घरांची ओळख असेल तिथे १, नसेल तिथे ०. या तक्त्याचा त्याच्याशीच गुणाकार केला, की दोन पावलांत एका घरातून दुसऱ्यात जायच्या वाटा मिळतात. दोन्ही वस्त्यांत कर्णावर ६ आणि बाकी सगळीकडे २. तक्त्याच्या आयगेनव्हॅल्यू काढल्या तरी दोन्हीकडे ६ एकदा, २ सहा वेळा, उणे २ नऊ वेळा. एका घराभोवतीचे त्रिकोण मोजले तर दोन्हीकडे सहा. जे मोजाल ते सारखंच.

अशा तक्त्यांचं बीजगणित बोस आणि डेल मेस्नर यांनी त्याच वर्षी मांडलं होतं. आज ते बोस-मेस्नर बीजगणित म्हणून शिकवतात. हत्यार धारदार आहे. पण या दोन वस्त्यांपाशी ते थांबतं.

फरक दिसतो तो एका घराच्या शेजारात डोकावल्यावर. हत्तीच्या वस्तीत एका घराचे सहा ओळखीचे घ्या आणि त्यांच्या आपसातल्या ओळखी बघा. ओळीतले तिघं एकमेकांना ओळखतात, रकान्यातले तिघं एकमेकांना. दोन गट, मध्ये काही नाही. श्रीखंड्यांच्या वस्तीत मात्र तेच सहा जण एकमेकांचे हात धरून वर्तुळात उभे आहेत, पहिला दुसऱ्याला ओळखतो, दुसरा तिसऱ्याला, आणि सहावा पुन्हा पहिल्याला. दोन्हीकडे आपसातल्या ओळखी सहाच. पण एकीकडे दोन त्रिकोण, दुसरीकडे एक षटकोन. त्यामुळे हत्तीच्या वस्तीत सगळे सगळ्यांना ओळखतात असे चौघं सापडतात. दुसऱ्या वस्तीत असे चौघं कुठेच सापडत नाहीत.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हे परकं वाटायचं कारण नाही. ‘ज्ञानेश्वरी’ ओवीत आहे, फादर थॉमस स्टीफन्स यांचं १६१६ सालचं ‘ख्रिस्तपुराण’ही ओवीत आहे. ओव्या मोजून एकीची दुसरीशी ओळख पटणार नाही. शब्दाशेजारी कोणता शब्द उभा आहे ते बघावंच लागतं.

आपल्याला काय?

पहिल्या गोष्टीत श्रीखंडे सांगतात, की दोन उदाहरणांवरून नियम करू नका. दुसरीत सांगतात, की नियम खरा असेल तर तो सिद्ध करा, आणि करताना वाटेत जो एक अपवाद भेटेल त्याला झाकू नका. त्यांनी चारचा अपवाद ‘किरकोळ’ म्हणून बाजूला टाकला असता तरी बाकी प्रमेय उभंच होतं. पण त्यांनी तो पूर्ण तपासला, आणि आज मूळ प्रमेयापेक्षा तो अपवादच जास्त लोकांना माहीत आहे.

हे मला इतकं का लागलं ते सांगते. हैदराबादेत मराठी बोलणारी कॅथलिक मुलगी म्हणजे भेटणाऱ्या बऱ्याच जणांसाठी पाहिलेलं पहिलंच उदाहरण असते. मग प्रश्न येतात, “तुमच्यात सगळ्यांना मराठी येतं का?”, “तुमच्या घरी असंच असतं का?” मी एक उत्तर देते आणि समोरचा माणूस त्याचा नियम करून घेऊन जातो. आधी मला त्याचा राग यायचा. पण मीही तेच करते. ख्रिस्ती मराठी साहित्य म्हटलं की स्टीफन्स यांचं एक नाव घ्यायचं आणि संपवायचं, हे मी वर्गात कितीदा केलंय. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, हे माहीत असूनही! एक ग्रामीण कादंबरी वाचून ‘ग्रामीण साहित्य असं असतं’ हे वाक्य परीक्षेत लिहिणारे आपण सगळे ऑयलरच्याच बाकावर बसलोय, फक्त ऑयलरएवढं काम न करता.

पुढे काय झालं

१९६३ साली श्रीखंडे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले आणि १९७८ पर्यंत तिथे राहिले. नवीन सिंघी, वसंती भट-नायक असे पुढे नाव केलेले गणिती त्यांच्याकडे तयार झाले. त्यांचे चिरंजीव मोहन श्रीखंडेही याच विषयातले गणिती. शरदचंद्र श्रीखंडे यांचं निधन २१ एप्रिल २०२० रोजी झालं, वयाच्या १०२ व्या वर्षी, विजयवाड्यात. आपल्यापासून पाच-सहा तासांच्या रस्त्यावर. लॉकडाऊनचे दिवस होते. माझ्यासारख्या कितीतरी जणांना ते गेल्याचं कळलंही नाही, आणि ते इतक्या जवळ होते हेही नाही.

वहीत करून बघा

१. पत्त्यांची १६ पाने वर सांगितल्याप्रमाणे लावा. जमल्यावर दोन्ही कर्णांवरही चारही चित्रं आणि चारही रंग येतात का ते बघा.

२. दोनचा लंब चौरस का जमत नाही ते तीन वाक्यांत लिहा. ही खरीखुरी सिद्धता असेल.

३. चार गुणिले चारच्या दोन्ही वस्त्या दोन रंगांनी काढा. कोणतंही एक घर निवडा आणि त्याचे सहा शेजारी जोडा. एका कागदावर दोन त्रिकोण आणि दुसऱ्यावर षटकोन आला, तर तुम्ही १९५९ च्या त्या निबंधातला एकमेव अपवाद स्वतःच्या हाताने काढलात. वही फेकू नका, मंडळाच्या पुढच्या बैठकीला घेऊन या.